फ्रॉइडच्या ‘मी’ला का बदनाम करता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘इगो शून्यावर आणा, संसार सुखाचा करा’ असा लेख आला आहे. सोबत हिमनगाचे चित्र आणि चित्राखाली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचे नाव. मी कराडजवळच्या एका कॉलेजात एकतीस वर्षे मानसशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे. चहा गार होईपर्यंत लेख दोनदा वाचला आणि मग राहवले नाही.

नवरा-बायकोने भांडणात ताठा सोडावा, हे मला मान्यच आहे. पण ते सांगायला फ्रॉइड कशाला हवा? कोणतीही आजी सांगेल. फ्रॉइडचे नाव घेऊन ‘इगो शून्यावर आणा’ म्हणणे म्हणजे घरात कटकटी होतात म्हणून घर चालवणाऱ्या बाईलाच बाहेर काढण्यासारखे आहे.

मुळात ‘इगो’ हा शब्द फ्रॉइडचा नव्हेच. १९२३ साली निघालेल्या त्याच्या छोट्याशा पुस्तकाचे नाव ‘दास इश उंड दास एस’. ‘इश’ म्हणजे मी, ‘एस’ म्हणजे ते. शेंबड्या पोरालाही कळतील असे शब्द. त्यातला ‘ते’ त्याने ग्रोडेक या जर्मन डॉक्टरकडून घेतला आणि तसे पुस्तकात कबूलही केले. तिसरा ‘उबर-इश’, म्हणजे ‘मी’च्या डोक्यावर बसलेला. इंग्रजीत नेताना या साध्या शब्दांना लॅटिनचा कोट चढवला गेला: इगो, इड, सुपरइगो. आपण तो कोट उतरवून संस्कृतचे सोवळे नेसवले: अहम्, इदम्, पराहम्. एका विद्यार्थ्याने पेपरात ‘पराहम’ हा फ्रॉइडचा सहकारी होता असे लिहिले होते. अब्राहम नावाचा सहकारी खरोखरच होता, म्हणून मी अर्धा गुण दिला.

शब्दांचे असे होतेच म्हणा. सांख्य तत्त्वज्ञांचा ‘अहंकार’ म्हणजे तरी कुठे गर्व होता? मी-पण निर्माण करणारे ते एक तत्त्व. घसरत घसरत तो गर्वापाशी आला, आणि आता त्याच्या जागी ‘इगो’ येऊन बसलाय. लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा ‘इगो नसलेली मुलगी हवी’ असे छापून येते. फ्रॉइडच्या अर्थाने अशी मुलगी घरात आलीच, तर तिला बस कुठली पकडायची, पोळी कधी उलटायची आणि सासूला उत्तर द्यायचे की गिळायचे, यातले काहीच ठरवता यायचे नाही.

कारण फ्रॉइडचा ‘मी’ हा राजा नाही, हरकाम्या आहे. १९३३ च्या व्याख्यानांत त्याने म्हटले आहे की या बिचाऱ्याला तीन मालकांची चाकरी एकाच वेळी करावी लागते: बाहेरचे जग, पराहम् म्हणजे आत बसलेला दटावणारा, आणि इदम् म्हणजे आतली आंधळी हाव. तिघांच्या मागण्या कधी जुळत नाहीत.

परवाच्या संकष्टीचे सांगते. चंद्रोदय उशिरा होता. मोदकपात्रातून अकरा मोदक काढून ताटात ठेवले, अजून नैवेद्य दाखवायचा होता. दिवसभराचा उपास, वर मधुमेह. सून बाहेर टीव्हीपुढे. आतून एकच घोष: हवा, आत्ता हवा. वरून आईचा आवाज: नैवेद्याआधी? आणि या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माझ्या ‘मी’ने काय तोड काढावी? ‘पारी नीट शिजली आहे का, ते बघायला हवे. देवाला कच्चे कसे दाखवायचे!’ एक मोदक ओट्याशी उभ्यानेच संपला. विद्यार्थ्यांना समर्थन, म्हणजे केलेल्या गोष्टीला सोयीचे कारण शोधणे, या संरक्षण यंत्रणेची व्याख्या मी किमान तीसदा लिहून दिली असेल, पण तोंडात गूळ-खोबरे असताना ती एकदाही आठवली नाही. दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईंना डब्यात चार मोदक जास्तीचे गेले. पराहम् दंड वसूल केल्याशिवाय सोडत नाही.

वर्गात मी फ्रॉइडचा घोडा आणि स्वार सांगायचे. घोडा म्हणजे इदम्, सारे बळ त्याचे. वर बसलेला ‘मी’ लगाम धरतो, पण पुष्कळदा घोड्याला जायचे तिकडेच त्याला न्यावे लागते, आणि ती आपलीच मर्जी होती असे तो दाखवतो. पोरे निर्विकार बसायची, घोडा कुणी पाहिला होता! मग एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. ‘मॅडम, आमचा आबा कारखान्यावर ऊस टाकून येताना रिकाम्या गाडीत झोपतो. बैल बरोबर दारात आणून सोडत्यात. सकाळी आबा म्हणतो, रात्री लई उशिरा गाडी आणली मी.’ वर्ग हसला. पुढची सगळी वर्षे मी घोड्याऐवजी बैलच वापरले. फ्रॉइडने १८९८ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात असाच एक विनोद आहे. घोड्यावरच्या इट्सिगला कुणी विचारते, कुठे निघालास? तो म्हणतो, मला काय विचारता, घोड्याला विचारा. आबाला तो नक्की पटला असता.

आता हिमनग. वर दिसते ती जाणीव, पाण्याखाली नेणीव, असे चित्र आपण छापलेत आणि इगोला पार शेंड्यावर बसवलेत. पण ‘मी’ सगळाच वर दिसत नाही, आणि नेमक्या या गोष्टीने फ्रॉइडला स्वतःची जुनी मांडणी अपुरी वाटायला लागली होती. उपचारात रुग्ण बोलता बोलता अडायचा, विषय बदलायचा, आणि आपण काही टाळतो आहोत याचा त्याला पत्ताही नसायचा. टाळणारा तर ‘मी’च. म्हणजे ‘मी’चाही मोठा भाग नेणिवेतच आहे. म्हणून नुसत्या जाणीव-नेणिवेच्या मजल्यांनी भागेना आणि १९२३ ची त्रयी आली. त्या पुस्तकातली त्याची आकृती माझ्या डोळ्यांना बटाट्यासारखी दिसते आणि ‘मी’ला एका बाजूने तिरकी कानटोपी घातलेली आहे, कारण ऐकलेले शब्द तिथून आत येतात. महाबळेश्वरच्या थंडीतल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो तो! हिमनगापेक्षा हे चित्र छापले असतेत तर वाचकांना गंमत वाटली असती.

पराहम्‌ला तुमच्या लेखात दीड ओळ मिळाली आहे, ‘सदसद्विवेक’ म्हणून. माझ्या मते सगळ्यात खोल निरीक्षण तिथे आहे. फ्रॉइड म्हणतो, मुलाचा पराहम् आईबापांच्या नमुन्यावर घडत नाही, आईबापांच्या पराहम्‌च्या नमुन्यावर घडतो, आणि त्यातून पिढ्यांचे संस्कार पुढे जातात. १९७२ च्या दुष्काळात मी अठरा वर्षांची होते. रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी आम्ही खाल्ली आहे. त्याच्याही आधीपासून आई ताटाला बोट लावून पुसून खायची, तिला तिच्या आईने तसे शिकवले होते. माझी मुलगी पुण्यात राहते, दुष्काळ तिने पुस्तकात वाचला. हॉटेलात ताटात भाताची चार शिते उरली तर तिचे बोट आपोआप जाते. मी तिला हे कधी शिकवलेले नाही. उलट लहानपणी ‘नको असेल तर टाक गं’ असेच म्हणायची. तिने माझे शब्द घेतले नाहीत, माझ्या आत बसलेली माझी आई घेतली.

फ्रॉइडचे सगळे खरे, असे मी म्हणत नाही. मेंदू उघडून इदम् दाखवता येत नाही, आणि जे खोटे ठरवायची सोयच नाही त्याला शास्त्र कसे म्हणायचे, हा तत्त्वज्ञ पॉपरचा आक्षेप मी दरवर्षी शिकवला. स्त्रियांविषयीचे त्याचे लिखाण शिकवताना तर माझी जीभ अडखळायची. आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यात ते मतभेद बेधडक मांडत. तेव्हा वाद घालायला माझी काही हरकत नाही. फक्त जो ‘मी’ त्याने सावरायला सांगितला, तोच त्याच्या नावाने शून्यावर आणायला सांगू नका, एवढेच.

पत्र छापणार असाल तर काटछाट खुशाल करा, पण माझे नाव छापू नये. सून पुरवणी वाचते, आणि मोदक दहाच कसे भरले हे तिने त्या रात्री मला विचारले होते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, कराड