काकूचा सूर

इंदूर, रामबाग
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुला अर्धवटच सांगितलं, कारण काकू शेजारी बसली होती. आता ती झोपलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

शुक्रवारी सकाळी आठला, पहिल्या खेळाच्या आधी, थिएटरवाल्यांनी आपली फिल्म लावून बघायला तासभर पडदा दिला होता. काकू हट्टानं आली. फिल्ममध्ये नेसली होती तेच डाळिंबी लुगडं नेसून. जात्याचा प्रसंग आला, पहिली ओवी सुरू झाली आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, हे कोण म्हणतंय? माझा आवाज एवढा जाड कधी होता?"

मला वाटलं, एवढ्या मोठ्या स्पीकरवर तिनं स्वतःला कधी ऐकलेलं नाही म्हणून तसं वाटत असेल. पण चैन पडेना. घरी आल्यावर पेटी काढली. तू केलेल्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती काळी चारला म्हणते. थिएटरात फोनवर टिपलेलं लावून पाहिलं, तर सा पांढरी पाचच्या जरासा वर, कुठल्याच पट्टीत न बसणारा. काकूचा कान खरा होता. आपण दोघांनी तेच दृश्य शंभरदा पाहिलंय, आणि चूक पकडली तिनं.

कारण सापडलं. आपण सगळं सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रित केलं, कारण घरात ट्यूबलाइट आणि आपली वीज ५० हर्ट्झची. चित्र लुकलुकू नये म्हणून. थिएटरसाठीचं पॅकेज, ज्याला सगळे डीसीपी म्हणतात, ते मात्र सर्वत्र चालावं असं वाटत असेल तर २४ फ्रेमचं करावं लागतं. नव्या प्रमाणात २५ ची सोय आहे, पण थिएटरातल्या जुन्या सर्व्हरवर, म्हणजे फिल्म चालवणाऱ्या यंत्रावर, ते चालेलच याचा भरवसा नाही. आपलं पहिलं पॅकेज ज्यांच्याकडून करून घेतलं, त्यांनी फिल्म तेवढी सावकाश पळवली. फ्रेम तेवढ्याच, १,४४,०००. पण ९६ मिनिटांची फिल्म १०० मिनिटांची झाली. चित्रात हे कुणाच्या डोळ्यांना कळत नाही. आवाज मात्र त्याच्याबरोबर ओढला गेला आणि सुमारे पाऊण पट्टी खाली उतरला. त्यांनी हे आपल्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही. याचा मला मनापासून राग आलाय. भाषणबाजीच्या फिल्मला चाललं असतं, पण जिच्यात ओव्याच सगळं काही आहेत तिच्यात कसं चालेल?

म्हणून आता पॅकेज मी स्वतः करतोय, डीसीपी-ओ-मॅटिक नावाच्या सॉफ्टवेअरवर. फुकट आहे आणि चांगलं आहे. पण वेग कमी करताना तेही आवाज तसाच उतरवतं, म्हणजे सूर आधीच सांभाळून द्यायला हवा. आणि इथे तू लागतोस. सगळा ट्रॅक एकदम ताणून सूर जागेवर आणला तर आवाज राहतो, पण बांगड्यांची किणकिण विरघळल्यासारखी होते आणि जात्याची घरघर अडखळते. मी करून पाहिलं, कानाला खुपतं. तू तिच्या पदराला एक छोटा माइक लावला होतास आणि दुसरा जात्यापाशी ठेवला होतास ना? तर पदराचा माइक तेवढा सूर राखून ताण, आणि जात्याचा तसाच सावकाश होऊ दे. दगडाचा आवाज पाऊण पट्टी उतरला तर कुणाचं काही जात नाही. पदराच्या माइकमध्येही जातं झिरपलेलं असणार. ते किती निघतं ते तूच बघ.

दुसरं असं की, आवाज स्टिरिओ, म्हणजे नुसता डावा-उजवा, नको; पाच पॉइंट एक कर, त्यात मधला स्पीकर वेगळा मिळतो. त्या दिवशी मी मुद्दाम डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसलो. काकू पडद्याच्या मधोमध, आणि तिचं बोलणं पडद्याच्या डाव्या कडेतून. तिला पूर्णपणे मधल्या स्पीकरमध्ये ठेव. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल.

रंगाचं माझ्याकडे आहे. लुगडं पडद्यावर भडक लाल दिसत होतं, काकूला तेही आवडलं नाही. पॅकेज करताना आपली फाइल चुकीच्या रंगपट्टीची मानली गेली होती, टीव्हीची असून सिनेमाची. तेवढं दुरुस्त केल्यावर डाळिंबी परत आलं. स्वयंपाकघरातला अंधार अजून पाहायचाय: आपला मॉनिटर १०० निटचा (निट म्हणजे उजेडाचं माप), थिएटरच्या पडद्यावर पांढरा रंग ४८ निटचा, त्यामुळे घरी बसून केलेल्या अंदाजावर माझा विश्वास नाही. चित्राच्या दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळी पट्टी राहते. ती राहू दे म्हटलं. ती घालवायची तर वरून-खालून चित्र कापावं लागतं आणि काकूच्या पायापाशी पडलेलं पीठ जातं.

आता सबटायटल. इथले निम्मे प्रेक्षक हिंदीवाले, म्हणून हिंदी ओळी वेगळ्या फाइलमध्ये दिल्या होत्या. सर्व्हरनं देवनागरीचे अक्षरशः तुकडे केले. "चक्की"मधला पाय मोडलेला क वेगळा, "मिट्टी"ची वेलांटी म सोडून पुढे गेलेली. पॅकेजमध्ये फॉन्ट देऊनही तेच. या यंत्रांना रोमन अक्षरं एकापुढे एक मांडता येतात, जोडाक्षरं जुळवणं अनेकांना जमत नाही. शेवटी ओळी चित्रातच छापल्या. म्हणजे पॅकेजं दोन: इंदूरसाठी हिंदी ओळींचं, तुमच्या पुण्यासाठी कोरं. काम दुप्पट झालं तरी चालेल, "चक्की" तरी धड वाचता यायला हवी.

ड्राइव्हचंही लक्षात ठेव, तुझ्या लघुपटाच्या वेळी उपयोगी पडेल. साध्या पेनड्राइव्हवर टाकून नेलं तर तिथला सर्व्हर ओळखेलच असं नाही. लिनक्सच्या ईएक्सटी पद्धतीनं फॉर्मॅट केलेली हार्ड डिस्क न्यायची. आणि एकदा पॅकेज तयार झालं की आतल्या एकाही फाइलचं नाव बदलायचं नाही. त्यांची यादी आतच असते, सर्व्हर त्या यादीवरून फाइली शोधतो आणि प्रत्येकीची खूण जुळवून बघतो. एक जरी जुळली नाही तरी फिल्म घेत नाही. आपली चित्राची फाइल सुमारे ११२ जीबी होतेय, उतरवून घ्यायलाही वेळ लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळीच नेऊन देणार आहे.

पुढच्या शुक्रवारी परत आठ वाजता पडदा मिळालाय. बुधवारपर्यंत आवाज दे. शक्यतो स्वतः घेऊन ये, पुणे-इंदूर गाडीनं निघालास तर दुसऱ्या दिवशी इथे. काकू म्हणाली, "त्याला सांग, पेटी घेऊन बसते मी थिएटरात, उतरलेला असला तर तिथेच सांगते." खरंच आणणार आहे ती पेटी. प्रोजेक्शनवाल्या भैयांना मी आधीच विचारून ठेवलंय.

तुझा
आणि काकूचा आशीर्वाद