जुलैत फूट मोजतो, मार्चमध्ये कोण बघतंय?

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या कोल्हापुरात शेंबडं पोरगं पण सांगतंय, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका. सकाळी तोंड धुवायच्या आधी मोबाईलवर फूट बघायचे, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, एक उघडला म्हणजे 1428 क्युसेक, आमच्या गल्लीतल्या पानपट्टीवाल्याला पण हे सगळं पाठ आहे. पण हीच पंचगंगा मार्चमध्ये कुठल्या रंगाची असते ते विचारा, कोण तोंड उघडणार नाही. मला विचारलं असतं तर मला पण सांगता आलं नसतं, खोटं कशाला बोलू.

मला कळलं ते बहिणीमुळं. ती शिरोळ तालुक्यात दिलीय, तेरवाड बंधाऱ्यापासून जवळच. उन्हाळ्यात एकदा सकाळी सकाळी तिचा फोन, "दादा, तुमच्या कोल्हापूरचं पाणी पोचलं बघ आमच्यात." मला वाटलं चेष्टा करतीय. मग तिनं व्हिडिओ पाठवला, बंधाऱ्याच्या कडेला मासे पांढरी पोटं वर करून पडलेले, पाणी काळं, त्यावर साबणासारखा फेस, आणि मागं ती बोलतीय की म्हस तोंड लावंना झालीया. मी सकाळचा चहा घेत होतो, तो तसाच ठेवला. कारण ते पाणी म्हणजे माझ्या मोरीचं पाणी, आमच्या गल्लीचं, आमच्या जयंतीचं.

जयंतीला आपण नाला म्हणतो, जुनी माणसं अजून नदी म्हणतात. कात्यायनीच्या डोंगराकडनं येते बिचारी. हुतात्मा पार्कच्या बाजूला पुलावर दोन मिनिटं उभं राहून खाली बघा, नाकाला रुमाल लावूनच बघाल. आता लोक म्हणतात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे की. आहे ना, कसबा बावड्यात 76 एमएलडीचा आहे, म्हणजे रोजचे 7 कोटी 60 लाख लिटर, दुधाळीत 17 एमएलडीचा आहे. पण सांडपाणी आपल्या पायानं चालत प्लांटला जात नाही, ते नाल्यावर अडवायचं, पंपानं उपसायचं, पाईपनं वर पाठवायचं, मग लाईट गेली, पंप बंद पडला, पाईप फुटली की ओव्हरफ्लो होऊन सरळ पंचगंगेत. आणि ते किती तास गेलं ह्याचा हिशोब गल्लीतलं कोण ठेवत नाही. मी एकदा असंच पाणी जाताना बघून एका ऑफिसात फोन केला, तक्रार नोंदवली म्हणाले, नंबर पण दिला, पुढं काय झालं ते त्या नंबरालाच माहीत.

खरं सांगायचं तर शहरातल्या आपल्याला काळजी नसायचं कारण सोपं आहे. आपण पाणी उचललं ते बालिंगा, शिंगणापूरला, गावाच्या वरच्या अंगाला, आणि घाण सोडली ती खालच्या अंगाला. त्यात 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं आलं, चांगलंच झालं, कित्येक वर्षांची मागणी होती, पण त्यामुळं नदीशी उरलंसुरलं नातं पण पातळ झालं. आता पंचगंगा म्हणजे त्रिपुरीला घाटावर पणत्या लावून फोटो काढायची जागा. खालच्यांचं मात्र तसं नाही. इचलकरंजीत 2012 ला काविळीची साथ आली, माणसं गेली, ते गाव अजून प्यायच्या पाण्यासाठी भांडतंय, दूधगंगेचं पाणी मागितलं तर दूधगंगाकाठचे लोक म्हणतात आमचं देणार नाही, तुमची नदी आधी साफ करा. दोघांचंही चुकतंय असं मला तरी म्हणवत नाही.

आणि बोट दाखवायचं म्हटलं तर रांगच आहे. कोल्हापूर म्हणतं इचलकरंजीचे प्रोसेस, म्हणजे कापड रंगवायचे कारखाने, इचलकरंजी म्हणते कोल्हापूरचे नाले, दोघं मिळून म्हणतात साखर कारखाने, आणि मधल्या गावांची गटारं कोण मोजतच नाही.

म्हणून म्हणतो लोकांनी उठल्याशिवाय हे होणार नाही, आणि कोल्हापूरची माणसं उठत नाहीत असं तर कोण म्हणूच शकत नाही. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं, हायवे बंद पडला, तेव्हा आमच्या आईला तालमीच्या पोरांनी खुर्चीत बसवून छातीभर पाण्यातनं बाहेर काढलं, त्यातल्या दोघांची तर आमची ओळख पण नव्हती. 2021 ला 56 च्या वर गेलं तेव्हाही तेच. टोलला ह्याच शहरानं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून 2015 च्या शेवटी घालवला. गणपती नदीत सोडायचे नाहीत म्हटल्यावर केवढा आरडाओरडा झाला होता, आज लोक मुकाट मूर्तिदान करतात, विसर्जनाला इराणी खणीकडं, म्हणजे पाणी साचलेल्या जुन्या खाणीकडं जातात. मग ह्या नदीनंच काय घोडं मारलंय?

माझं म्हणणं एवढंच की अजून एक रॅली, अजून एक दिवसाची स्वच्छता, टी-शर्ट, टोप्या, फ्लेक्स, हे पुरे आता. प्रत्येक तालमीनं, मंडळानं आपल्या हद्दीतला नाला वाटून घ्यावा. काढायचा नाही, साफ करायचा नाही, फक्त बघायचा. फेब्रुवारी ते मे, आठवड्यातनं दोनदा, ठरलेल्या जागेवरनं फोटो, तारीख, वेळ, पाणी कसलं आहे, बांधावरनं पडतंय का, पंप चालू आहे का बंद. आमच्या ग्रुपवर रोज शंभर गुड मॉर्निंग येतात, त्यात हे दोन फोटो काय जड नाहीत. चार महिन्यांची वही तयार झाली की मग ती घेऊन साहेबांच्या टेबलापुढं उभं राहता येतं, नुसतं "घाण आहे हो" म्हणून कोण दाद देत नाही.

आणि हे नुसतं शहराचं पण काम नव्हे. पंचगंगा म्हणजे पाच नद्या, कासारी येते गजापूर-गेळवड्याकडनं, कुंभी गगनबावड्याकडनं, तुळशी धामोडकडनं, भोगावती राधानगरीकडनं, पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हणतात, बाकीच्या चौघींवर ती पाळी आणू नये म्हणजे झालं. वरच्या डोंगरांना दर उन्हाळ्यात वणवे लागतात, गवत जळतं, मग पहिल्या वळवाला माती धुऊन ओढ्यात येते आणि ओढ्यातनं नदीत. इकडं आपण पूररेषेत भराव टाकून प्लॉट पाडतो आणि जुलैत विचारतो पाणी एवढं वर कसं आलं. वरच्या गावातली पोरं वणवा विझवायला जातात, झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन, मी बघितलंय, त्यांना निदान पाण्याच्या बाटल्या आणि चार जोडी बूट तरी शहरातल्या मंडळांनी द्यावेत, गणपतीच्या वर्गणीतले थोडे इकडं वळवले तर देव काय रागवणार नाही.

आता तुमच्याकडं एक मागणी. जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही रोज पाणीपातळीची चौकट छापता, लोक पेपर उघडला की आधी तीच बघतात. तशीच एक चौकट फेब्रुवारीपासून छापा, आठवड्यातनं एकदा चालेल, जयंती, दुधाळी, राजाराम बंधारा, तेरवाड, पाणी कसं आहे ते एका ओळीत. जयंतीचा फोटो मी पाठवतो, तेरवाडचा बहीण पाठवेल, ती तयार आहे, मी विचारलंय.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर