दुसरी मोटार घेण्याआधी

व्हिएन्ना

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. चिरंजीवांचे कॉलेज सुरू होणार म्हणून दुसरी मोटार घेण्याचे घरात चालले आहे, असे तू लिहिले आहेस. त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

मोटार एकदा दारात आली की तिची किंमत, हप्ते आणि विमा यांचे पैसे गेलेलेच असतात. मग आपल्या इंदुरात राजवाड्यापर्यंत जायचे असले तरी आपण फक्त पेट्रोलचा विचार करतो आणि बसचे तिकीट वरखर्च वाटू लागते. व्हिएन्नाने नेमका हा हिशेब फिरवला. 2012 साली वार्षिक पासाची किंमत 449 युरोंवरून 365 वर, म्हणजे दिवसाला एका युरोवर आणली आणि कित्येक वर्षे ती वाढू दिली नाही. पास खिशात असला की मोटार काढणे हाच वरखर्च ठरतो. पुढे शहरातल्या वार्षिक पासधारकांची संख्या तिथे नोंदलेल्या मोटारींहून अधिक झाली.

अर्थात नुसत्या स्वस्ताईने हे साधले नसते. मेट्रोसाठी इथले नोकरी देणारे मालक 1970 पासून दर कर्मचाऱ्यामागे कर भरत आले आहेत, आणि 2022 पासून जवळजवळ सगळ्या शहरात रस्त्यावर मोटार उभी करण्याचे पैसे पडतात. थांब्यावरच्या फलकावर पुढची ट्राम किती मिनिटांत येणार ते दिसते. नव्या ट्रामचे दार फूटपाथच्या जवळजवळ पातळीला उघडत असल्यामुळे वॉकर ढकलत आलेल्या आजीबाई कुणाचा हात न धरता आत जातात. ते पाहिले की मला दर वेळी आईचे गुडघे आठवतात.

आपल्या इंदूरला यातले काही नवे नाही. 2013 साली ए. बी. रोडवर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत आयबस या शहर बससेवेसाठी सुमारे साडेअकरा किलोमीटरची स्वतंत्र मार्गिका झाली, तेव्हा पलासियाला मोटारी अडकलेल्या असताना बस शेजारून निघून जात असे. 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ती मार्गिका हटवण्यास मंजुरी दिली, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बस वेळेवर पोहोचेल ही खात्री त्या मार्गिकेमुळेच होती. त्याच वर्षी मे महिन्यात मेट्रो सुरू झाली खरी, पण ती सुपर कॉरिडॉरवरच्या पाच स्थानकांपुरती. आपल्या लोकमान्य नगराला तूर्त बसचाच आधार.

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि सिग्नलला उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाच्या मोटारीतूनही तो जातच राहतो. वहिनी रोज वेगळा काढतात त्या ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात 2022 पासून गॅस तयार होतो, आणि तो शहर बसगाड्यांना पुरवण्याची योजना आहे. कचऱ्याची इतकी काटेकोर शिस्त ज्या घराने लावून घेतली, त्या घराला बसची सवय जड जाऊ नये.

म्हणून माझी विनंती अशी, की मोटारीची नोंदणी करण्याआधी चिरंजीवांना एक महिन्याचा बसचा पास काढून द्यावा. घरापासून थांबा किती लांब, सकाळी बस किती वेळाने येते, कुठे बदलावी लागते, हे त्याने लिहून ठेवावे. जिथे फारच खोळंबा होत असेल तिथले टिपण घेऊन तू नगरसेवकांना भेट, आणि त्याची एक प्रत मलाही पाठव. मोटारीचे त्यानंतर बोलू.

ती. आई-बाबांना सा. न., चिरंजीवांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
धाकटा भाऊ