सरावाची वही, कापरेकर आणि कांद्याचा भाव

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात गणित आनंददायी कसं करावं यावर लेख आला होता. चांगला होता, पण खरं सांगू का, सहावी ते आठवीला गणित शिकवणारे आम्ही लोक हा ‘आनंददायी’ शब्द ऐकून ऐकून थकलोय. कारण प्रत्यक्षात होतं काय, तर 22 डिसेंबर जवळ आला, रामानुजन यांची जयंती, राष्ट्रीय गणित दिन, की मुलांना चार्ट आणि मॉडेल करायला सांगायचं आणि मग आदल्या रात्री आईबाप स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट शोधत फिरणार. त्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये पोरानं एक तरी भागाकार केला का? फेविकॉल लावला, तोही बहुतेक आईनंच.

दुसरीकडे गाईडमधली तीच ती उदाहरणं, सोडवा 1 ते 40, उत्तरं मागच्या पानावर.

मी सराव नको म्हणणाऱ्यांतली नाही हे आधीच सांगते. पाढे यायलाच पाहिजेत. सातवीतलं मूल सात आठे छप्पनला अडलं तर पुढे समीकरण काय डोंबल सोडवणार. माझं म्हणणं एवढंच आहे की सराव असा द्या की एका प्रश्नातून मुलाला आपोआप तीस गणितं करावी लागतील आणि एकतिसावं करावंसं वाटेल. त्याला ना खर्च लागतो ना स्मार्ट बोर्ड.

आमच्या नाशिकचंच उदाहरण घ्या. द. रा. कापरेकर, जन्म 1905 चा, डहाणूचा, आणि पुढे सगळी नोकरी देवळालीत शाळामास्तर म्हणून. या माणसानं 1949 मध्ये शोधून काढलं की कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, ते अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, उत्तरावर परत तेच, असं करत गेलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते आणि मग तिथेच अडकते. 3524 घ्या. 5432 वजा 2345, 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, झालं, 6174. वर्गात प्रत्येकाला आपापली संख्या घ्यायला सांगा, कुणी बाबांच्या गाडीचा नंबर घेतं, कुणी जन्मसाल, आणि कुणाची संख्या जास्त पायऱ्या घेते यावर जी चढाओढ लागते ती बघण्यासारखी असते. हातच्याच्या वजाबाकीला तोंड वाकडं करणारी पोरं स्वतःहून पानंच्या पानं भरतात.

यात एक खाच आहे. मधे कुठे वजाबाकी चुकली तरी शेवटी बहुतेक वेळा 6174 च येते, कारण चुकीच्या संख्येवरूनही ती गाडी तिथेच पोचते. त्यामुळे शेवटचं उत्तर बघून बरोबरची खूण करू नका. त्यापेक्षा मुलांना सांगा, प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातले अंक मिळवा, बेरीज 9 च्या पटीत यायलाच हवी, नाही आली तर कुठेतरी घोळ आहे. 3087 चे 18, 8352 चे 18. एकदा हे कळलं की पोरं आपली वही आपणच तपासतात, शेजाऱ्याची तर जरा जास्तच उत्साहाने. आणि आठवीत कुणी विचारलं की मॅडम 9 च का, तर सोन्याहून पिवळं, दोन अंकी संख्या घेऊन 10a + b मधून 10b + a वजा करायला लावा, 9(a − b) येतं, बैजिक राशी शिकून काय उपयोग या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. सहावीतल्या कच्च्या मुलांना तीन अंकीच द्या, तिथे 495 येते. दोन अंकी घेतली तर ती गोल गोल फिरत राहते, ते त्यांचं त्यांना सापडू दे, आपण आधी सांगायचं नाही.

दुसरा खेळ, दोघांचा. कागदावर 1 ते 40 लिहा. पहिल्यानं एक सम संख्या खोडायची, पुढच्यानं तिचा विभाजक नाहीतर तिच्या पटीतली एखादी संख्या खोडायची, मग पुन्हा पहिल्यानं या नव्या संख्येचा विभाजक किंवा पटीतली संख्या, असं करत ज्याला खोडायला काही उरत नाही तो हरला. चारपाच डाव झाले की कुणीतरी ओरडतंच, मॅडम, 1 घेतला की मेलो! कारण समोरचा लगेच 37 घेतो आणि 37 ला 1 आणि स्वतः 37 सोडून विभाजक नाही, 74 तर कागदावरच नाही. मग कळतं की 34 नी सुरुवात करणं म्हणजे आत्महत्या, समोरचा 17 म्हणतो, आता घ्या 1. आणि पहिली संख्या समच का असा नियम आहे, तेही कुणी न सांगता कळतं. मूळ संख्यांची व्याख्या दहा वेळा लिहून जे होत नाही ते इथे ऑफ तासाला होतं. मसावि लसाविच्या आधी हा खेळ खेळवून बघा, फरक दिसतो.

बालआनंद मेळाव्याबद्दल पण थोडं. आमच्याकडे शाळाशाळांत मुलांचा बाजार भरतो, भेळ, वडापाव, घरची मेथी, भारी गोष्ट आहे, पण संध्याकाळी पोरगं सांगतं 240 रुपये नफा झाला आणि सगळे टाळ्या वाजवतात. अहो, कुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच कुणी आणली? गॅस कुणाचा? ती आईची खरेदी वहीत लिहायला लावा, मग बघा नफा किती उरतो. काहींचा तर तोटा निघतो. शेकडा नफा तोट्याचा धडा खरा तिथे सुरू होतो, आणि नेमका तेव्हाच मंडप सोडायची घाई असते.

आता तुमच्या पेपरबद्दल, मुख्य म्हणजे पत्र त्यासाठीच आहे. सरावाचं सगळ्यात स्वस्त पुस्तक तुम्ही रोज छापता. क्रिकेटचा स्कोअरकार्ड घ्या. 18.3 ओव्हरमध्ये 148 धावा, रनरेट किती? निम्मा वर्ग कॅल्क्युलेटरवर 148 भागिले 18.3 करतो, आणि तिथेच मजा आहे, कारण 18.3 म्हणजे अठरा ओव्हर तीन बॉल, म्हणजे साडेअठरा, आणि उत्तर येतं बरोब्बर 8. दशांश अपूर्णांक कळलाय की नाही हे या एका गणितात उघडं पडतं. बाजारभावाचं पान घ्या. समजा लासलगावला कांदा 1450 रुपये क्विंटल आणि आमच्या चौकात 30 रुपये किलो. किलोला शेतकऱ्याला 14 रुपये 50 पैसे, म्हणजे मधे शेकडा जवळजवळ 107 वाढ! यावर हमखास प्रश्न येतो, मॅडम, शंभर टक्क्यांच्या वर असतं का? असतं बाळा. मग वर्गातलीच कांदेवाल्यांची पोरं बोलायला लागतात, हमाली, गाडीभाडं, घट, सडका माल, आणि एरवी गणितात मागे बसणारा मुलगा फळ्यापाशी येऊन बाकीच्यांना समजावतो. हिवाळ्यात लडाखचं तापमान घ्या, ऋण संख्यांची वजाबाकी फुकटात.

ॲपवरच्या सरावाबद्दल विचाराल तर मला तो फारसा पटत नाही. घड्याळ लावून, नाणी मिळवायला पोरं पर्याय ठोकत जातात, विचार करायला वेळच नाही. ज्यांना पाढे पाठ आहेत त्यांना मजा येते, बाकीचे हळूच फोन शेजारच्याकडे सरकवतात. काही ॲप चांगली असतीलही.

तर विनंती अशी की बालपुरवणीत दर आठवड्याला रंग भरा आणि फरक ओळखा असतंच, त्यातला एक चौकोन असल्या गणिताला द्या. सुडोकू नको, तो आहेच, शिवाय त्यात आकड्यांऐवजी फळांची चित्रं टाकली तरी चालतं, मग गणित कुठे आलं. जानेवारीत कापरेकरांच्या जयंतीच्या आठवड्यात, म्हणजे 17 तारखेच्या आसपास, 6174 ने सुरुवात करा. एक प्रश्न, जागा थोडी मोकळी, आणि मेहेरबानी करून उत्तर त्याच पानावर खाली उलटं छापू नका. पुढच्या आठवड्यातही नको. मुलांनी पाठवलेल्या रीतीच छापा, वेगवेगळ्या, अर्धवट असल्या तरी. आमच्या वर्गातून पहिलं पाकीट पाठवायची जबाबदारी माझी.

आपली,
एक गणित शिक्षिका, नाशिक जिल्हा