‘भ्रूण शाबूत’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मूलपेशींवर, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या पेशींवर, जो लेख आला, त्यात मानवी भ्रूणाला ‘धक्काही न लावता’ मूलपेशी मिळवण्याची पद्धत सापडली असून त्यामुळे या विषयातला नैतिक वाद निकालात निघाला आहे, असे एक वाक्य होते. वंध्यत्व-उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत भ्रूण हाताळण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आणि तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणातून एक पेशी काढण्याचे कामही मी बरीच वर्षे केले. त्या आधारावर म्हणते की, भ्रूण नष्ट न करणे वेगळे आणि त्याला धक्का न लावणे वेगळे. लेखकाने पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारली आहे.

मूळ अडचण अनेक वाचकांना ठाऊक असेल. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून पहिल्यांदा मूलपेशी वेगळ्या काढून वाढवल्या, तेव्हा त्यांनी पाच दिवसांच्या भ्रूणाच्या आतील पेशींचा पुंजका बाहेर काढला होता. ज्यापासून बाळ घडायचे तोच हा पुंजका. तो काढला की भ्रूण संपला. यावरून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की, ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी त्या तारखेपूर्वी तयार झालेल्या सेल लाइन्सपुरताच, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशांपुरताच, सरकारी निधी मर्यादित केला. त्या साठाहून अधिक सेल लाइन्सच्या यादीत दहा भारतातल्या होत्या, सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या, हे आज फार कोणाला आठवत नाही.

आपल्या लेखात ज्या पद्धतीचा गौरव आहे, तिची कथा २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरू होते. अमेरिकेतील ॲडव्हान्स्ड सेल टेक्नॉलॉजी या कंपनीचे रॉबर्ट लँझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. आठ-दहा पेशींच्या भ्रूणातून एकेक पेशी सुटी करून तिच्यापासून मूलपेशी तयार करता येतात, असे त्यांनी दाखवले होते. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी बुश यांनी मूलपेशी-संशोधनाचा सरकारी निधी वाढवू पाहणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता, त्यामुळे बातमीने जगभर पहिले पान गाठले आणि कंपनीच्या शेअरचा भाव काही पटींनी उसळला. निबंध नीट वाचणाऱ्यांना मात्र दुसरेच आकडे दिसले. प्रयोगात १६ भ्रूण वापरले होते आणि त्यांतून ९१ पेशी काढल्या होत्या, म्हणजे दर भ्रूणामागे सरासरी पाच-सहा. आठातल्या सहा काढल्यावर काय उरणार? सोळापैकी एकही भ्रूण वाचला नव्हता, आणि हाती आल्या होत्या दोन सेल लाइन्स. ‘नेचर’ला आपल्या प्रसिद्धिपत्रकात दुरुस्ती करावी लागली, पुढच्याच महिन्यात अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे लँझांना खुलासा द्यावा लागला, आणि या संशोधनाचे कट्टर पाठीराखे असलेले सिनेटर स्पेक्टर आणि हार्किन हेच त्यांच्यावर उखडले. निबंधात खोटे काही नव्हते. एक पेशी काढून उरलेला भ्रूण वाढवता येईल ही शक्यता त्यात होती आणि बातम्यांनी ती घडलेली गोष्ट म्हणून छापली. (आणखी एक गंमत अशी की, सुटी केलेली पेशी एकटी तग धरत नव्हती, म्हणून तिला आधीच्या मूलपेशींच्या सहवासात वाढवले होते, आणि त्या मूलपेशी जुन्याच पद्धतीने, भ्रूण खर्ची घालून मिळालेल्या होत्या.)

पुढे जानेवारी २००८ मध्ये याच गटाने ते करूनही दाखवले, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक भ्रूणातून एकच पेशी काढली, लॅमिनिन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने ती वाढवली, पाच सेल लाइन्स मिळवल्या, आणि पेशी दिलेले बहुतेक भ्रूण पाचव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंत वाढल्यावर गोठवून ठेवले. तांत्रिक कामगिरी म्हणून ती मोठीच होती. पण ते भ्रूण कोणाच्या गर्भाशयात गेले नाहीत. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंश सेल्सिअसवर, शाबूत असणे एवढाच त्या शाबूतपणाचा अर्थ होता.

एक पेशी काढणे म्हणजे काय, हे थोडे जवळून सांगते. तिसऱ्या दिवशी भ्रूण साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. पेशींची एकमेकींवरची पकड सैल व्हावी म्हणून तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात ठेवतात. डाव्या हाताच्या काचनळीने त्याला हलकेच ओढून धरायचे, पूर्वी आम्लाच्या थेंबाने आणि नंतर लेझरने बाहेरच्या पारदर्शक कवचाला भोक पाडायचे आणि उजव्या हाताच्या नळीने एक पेशी हळूहळू आत खेचायची. कधी ती सुरेख सुटून येते, कधी नळीच्या तोंडाशीच फुटते. मग दुसरी काढायची की नाही, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते, आणि इनक्युबेटरबाहेरचा प्रत्येक मिनिट अंगावर येतो. हे सगळे पाहिलेल्या माणसाच्या लेखणीतून ‘धक्काही न लावता’ असे शब्द उतरणार नाहीत.

थॅलेसेमियाचे वाहक असलेले उल्हासनगरचे एक जोडपे आमच्याकडे आले होते. चाचणीसाठी प्रत्येक भ्रूणातून एक पेशी काढावी लागेल, असे मी समजावून सांगत होते. नवऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मॅडम, एक पेशी काढली तर बाळाचं एखादं बोट वगैरे कमी पडेल का?” मी म्हटले, “नाही, बोट कमी पडत नाही. या वयात उरलेल्या पेशी ती जागा भरून काढतात.” तोवर गप्प असलेली बायको म्हणाली, “आणि नाही भरली तर?” नाही भरली तर भ्रूण वाढायचाच थांबतो, हे मी तिला सांगितले. त्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि मग सही केली, कारण घरात थॅलेसेमियाचे एक मूल आधीच होते आणि दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवण्यासाठी नेणे त्यांच्या नशिबी आले होते. त्यांच्या भ्रूणावर घेतलेल्या जोखमीचा फायदा त्या भ्रूणापासून होणाऱ्या बाळाला मिळणार होता. मूलपेशींसाठी पेशी देणाऱ्या भ्रूणाला त्या जोखमीच्या बदल्यात काय मिळते, हा प्रश्न आपल्या लेखाने विचारलाच नाही.

आणि ती जोखीम काल्पनिक नाही. ॲमस्टरडॅमच्या गटाने २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या स्त्रियांच्या भ्रूणांची तिसऱ्या दिवशी पेशी काढून तपासणी केली, त्यांच्यात गर्भधारणा टिकण्याचे प्रमाण २५ टक्के, तर तपासणी न केलेल्यांमध्ये ३७ टक्के निघाले. तेव्हाची गुणसूत्र-चाचणीही कच्ची होती, त्यामुळे सगळा दोष पेशी काढण्यावर टाकता येत नाही. पण २०१३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्कॉट यांच्या गटाने ही शंकाही मिटवली. एकाच स्त्रीच्या दोन भ्रूणांपैकी एकाची पेशी काढली, दुसऱ्याला हात लावला नाही, आणि दोन्ही गर्भाशयात सोडले. तिसऱ्या दिवशी पेशी काढलेल्या भ्रूणांपैकी ३० टक्के रुजले, न काढलेल्यांपैकी ५० टक्के. अमेरिकी काँग्रेस १९९६ पासून दरवर्षी अर्थसंकल्पाला जी डिकी-विकर दुरुस्ती जोडत आली आहे, तिच्यात भ्रूण नष्ट करण्याबरोबर त्याला जाणूनबुजून इजेच्या वा मृत्यूच्या धोक्यात घालण्यालाही सरकारी पैसा वर्ज्य आहे. दुरुस्तीच्या हेतूशी माझे मतभेद असतील, पण ‘नष्ट’ या एका शब्दावर तिची रचना करणाऱ्यांनी समाधान मानले नाही, हे लक्षात घ्यावे.

लँझांनी यावर सुचवलेला तोडगा हुशारीचा होता. ज्या भ्रूणांतून चाचणीसाठी पेशी काढलीच जाणार आहे, त्या पेशीला रात्रभर विभागू द्यावे, दोनांतली एक चाचणीला द्यावी आणि एक मूलपेशींसाठी ठेवावी. म्हणजे भ्रूणावर जादा भार नाही. आमच्या उल्हासनगरच्या जोडप्याला हे विचारता आले असते आणि मला वाटते त्यांनी होकारही दिला असता. परंतु स्कॉट यांच्या त्याच अभ्यासात पाचव्या दिवशी पेशी काढल्यास रुजण्यात लक्षणीय फरक पडत नाही, असेही दिसले, आणि प्रयोगशाळा हळूहळू पाचव्या दिवसाकडे वळल्या. पाचव्या दिवशी आपण बाहेरच्या थरातल्या पाच-सात पेशी घेतो, ज्यांपासून पुढे वार (प्लासेंटा) तयार होते. चाचणीला त्या पुरतात, पण या पद्धतीला हवी असते तिसऱ्या दिवसाची ती एकटी पेशी. ती आता बहुतेक ठिकाणी कोणी काढतच नाही, म्हणजे ‘जादा भार न टाकता’ मिळणारी पेशीच उरलेली नाही. आता या पद्धतीसाठी तिसऱ्या दिवशी हात घालायचा, तर तो केवळ मूलपेशींसाठी घालावा लागेल.

उपयोगाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवते. एका पेशीपासून मिळालेल्या सेल लाइन्सपैकी ‘एमए-०९’ ही रुग्णांपर्यंत पोहोचली. तिच्यापासून तयार केलेल्या दृष्टिपटलाच्या पेशी दृष्टी गमावत चाललेल्या रुग्णांच्या डोळ्यांत सोडल्या गेल्या आणि पहिले निष्कर्ष २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ही सेल लाइन २००६ च्या प्रयोगातली आहे, म्हणजे ज्या सोळा भ्रूणांतला एकही वाचला नाही त्यांच्यातली.

आपल्याकडे कायद्याने जोडप्यांपुढे सरळ प्रश्न ठेवला आहे. सहायक जननतंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. मूलपेशींच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसारही उरलेले भ्रूण लेखी संमतीने संशोधनाला देता येतात. उपचार पूर्ण झालेले जोडपे टाकीतल्या उरलेल्या भ्रूणांचे काय करावे या पेचात माझ्यासमोर बसलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्या हातातल्या वृत्तपत्रात ‘भ्रूणाला काही होत नाही’ असे छापलेले असेल, तर संमतीपत्रावरचे ‘भ्रूण वापरला जाईल’ हे शब्द ते त्याच समजुतीने वाचतील. म्हणून लेखातील त्या वाक्याची दुरुस्ती आपण त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त भ्रूणतज्ज्ञ, ठाणे