एरा, हिजरी आणि ३८ वर्षांचा फरक : एक जाहीर आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

रिकाँकिस्ताची, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधल्या ख्रिस्ती राज्यांनी मुस्लिम सत्तेकडून मुलूख परत घेण्याच्या काळाची, आमची मराठी कालरेषा तुम्ही तारीखवार तपासून दिलीत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही दाखवलेल्या खाचाखोचा या विषयावर मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही लागतील.

कॅस्टिल या स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्याच्या जुन्या कागदांवर ‘एरा’ ही तिथली जुनी कालगणना असते; तिचं साल इसवी सनाच्या ३८ वर्षं पुढे असतं. एरा ११२३ म्हणजे १०८५, कॅस्टिलचा राजा सहावा आल्फोन्सो मुस्लिमांकडून तोलेदो शहर घेऊन आत शिरला ते साल. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्याला हे सोपंच. शिवाय एराचं वर्ष १ जानेवारीलाच सुरू होतं. घोळ दुय्यम पुस्तकांमुळे होतो. संपादकाने ३८ आधीच वजा केलेले असतात, आपण ते पुन्हा वजा करतो. कॅस्टिलने १३८३ मध्ये सेगोव्हियाच्या राजसभेत एरा सोडायचं ठरवलं, पोर्तुगालने १४२२ मध्ये. त्यामुळे ग्रानादा या शेवटच्या मुस्लिम राज्याच्या शरणागतीच्या तहाला (२५ नोव्हेंबर १४९१) ३८ लावायचेच नाहीत.

मात्र एराच्या जागी आलेलं वर्ष नाताळापासून धरत. त्या हिशेबात डिसेंबरचे शेवटचे सात दिवस पुढच्या सालात जातात. मायोर्का बेटावरचं पाल्मा शहर ३१ डिसेंबर १२२९ ला पडलं. नाताळापासून मोजणाऱ्याच्या लेखी ते १२३०.

सगळ्यात मोलाचा ठरला तो शेपटीवाला X. त्या जुन्या कागदांच्या व्हिसिगॉथिक लिपीत T म्हणजे हजार, आणि X च्या वरच्या उजव्या टोकाला बारीक फराटा असेल तर तो दहा नव्हे, चाळीस. छायाप्रतीत हा फराटा हमखास पुसट होतो. एरा ११४४ म्हणजे ११०६; फराटा सुटला की वाचलं जातं १११४, म्हणजे १०७६. मग तोलेदोतल्या ख्रिस्ती राजवटीचा कागद तोलेदो घेण्याच्या नऊ वर्षं आधीचा ठरतो!

अरबी कागदांवरच्या हिजरी सनाचं दुखणं निराळं. मराठेशाहीच्या कागदांवरच्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की काम भागतं, कारण ते वर्ष सौर. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी तोकडं, म्हणून फरक घटत जातो : स्पेनवरच्या ७११ च्या मुस्लिम स्वारीला ६१९, तोलेदो घेतलं तेव्हा ६०७, ग्रानादा पडलं त्या १४९२ ला ५९५. हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२ हा अंदाज सालापुरता ठीक. दिवसासाठी तक्ताच हवा. तोही एखाद्या दिवसाने चुकतो, कारण महिना चंद्रदर्शनावर आणि दिवस सूर्यास्तापासून. ख्रिस्ती राजांनी जिंकलेल्या लास नावासच्या लढाईची अरबी तारीख १५ सफर (हिजरीचा दुसरा महिना) ६०९ अशी दिली जाते. तक्त्याने १६ जुलै १२१२ ला १४ सफर येतो. निवाडा वाराने करायचा, आणि १६ जुलैला सोमवार होता. संगणकाने हीच तारीख २३ जुलै दाखवली तर तो १५८२ मध्ये सुरू झालेलं आजचं ग्रेगोरियन पंचांग मागे ताणतोय असं समजावं. त्याआधीच्या तारखा तेव्हाच्या ज्युलियन पंचांगातच ठेवायच्या.

तुमच्या सांगण्याप्रमाणे कालरेषेत आता चार रकाने आहेत : मूळ आकडा जसाच्या तसा, कालगणना, वार, ज्युलियन तारीख. वार मिळाला नाही तिथे तारखेआधी ‘सुमारे’ घातलंय.

आपले कृतज्ञ,
कालरेषेवर काम करणारे आम्ही सगळे