झोपेचा रकाना

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

आमच्या घरी डिसेंबरातही कूलर चालतो. पाणी न भरता, भिंतीकडे तोंड करून. नागपूरच्या थंडीत कूलर म्हटल्यावर शेजारी हसतात. पण माझ्या सात वर्षांच्या मुलाला त्या घरघरीशिवाय झोप लागत नाही.

जन्मला तेव्हा तो रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, पहिल्याच दिवशी झटके आले, पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराचं, निदान झालं. त्या दिवसांची तक्रार घेऊन मी आलेली नाही. तिथल्या सिस्टरनी जिवाचं रान केलं. मला बोलायचंय ते नंतरच्या रात्रींबद्दल.

आजवर किती तपासण्या झाल्या! मान धरतो का, बसतो का, डोक्याचा घेर किती, पाय किती ताठ. झोपतो का, हे कोणी विचारलं नाही. आमच्या जाडजूड फाइलीत झोपेचा विषय एकदाच आला, ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीची, तारीख देताना: ‘रात्री जागवून आणा.’ मी म्हटलं, तेवढं एक काम आम्हाला उत्तम जमतं.

दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावलं, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्याच चौकटींत त्याची झोपही लिहू लागले. ‘१२.४० झोपला, २.१० उठला, ५ पर्यंत जागा.’ महिनाभरानं दिसलं, की आठवड्यातून तीन-चारदा पहाटे चारच्या सुमारास तो दचकतो, ओठ चाटतो, डावा हात ताठ होतो. सासूबाई म्हणायच्या, ‘सपन पडत असंन पोट्ट्याले.’ डॉक्टरांनी ते पान पाहिलं आणि झोपेतला ईईजी काढायला लावला. झटकेच होते ते. औषधाचा डोस बदलला, आता पहाट बरी जाते. पण त्याआधी ते किती दिवस येत होते, कोण सांगणार?

अशा मुलांची झोप मोडायला कारणं अनेक असतात. मेंदूचा जो भाग झोप-जागेपणाचं वेळापत्रक सांभाळतो, त्यालाच इजा झालेली असू शकते. नजरेवर परिणाम झाला असेल तर उजेड-अंधाराचा इशाराही नीट पोचत नाही. स्नायू ताठ, त्यामुळे कूस बदलता येत नाही. जेवण घशाशी येतं. काही औषधांनी दिवसा गुंगी येते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात. पण आधी कोणी विचारायला हवं ना! सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी म्हणतात. आमचा तुकड्या-तुकड्यांनी सहा तासही झोपत नाही, आणि अशा रात्रीनंतर फिजिओथेरपीला नेलं की नुसता रडतो. मग कागदावर शेरा पडतो: ‘सहकार्य करत नाही.’

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यातून अशी मुलं शोधली जातात, पुढे डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्राला, पाठवली जातात. त्या फाइलीत प्रत्येक भेटीला भरायचा एक रकाना द्या: मूल किती झोपतं, कितीदा उठतं, झोपेत अंग ताठ होतं का. यंत्र लागत नाही, पेन लागतो. खालच्या ओळीत आईलाही विचारा, बाई, तुम्ही किती झोपता? आम्ही नवरा-बायको पाळी लावतो, रात्री दोनपर्यंत मी, मग ते. सकाळी ते दुचाकीवरून बुटीबोरीला कामावर जातात. त्या रस्त्याची मला धास्ती वाटते.

आणि लग्नसराईतला डीजे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागाला ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मानेवाड्यात ती कोणाच्या गावी नाही. तुमचं खातं नाही, ठाऊक आहे; पण मंत्रिमंडळात शेजारीच बसता ना.

कॅलेंडरची पानं मी जपून ठेवली आहेत. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात याल तेव्हा दाखवीन, घरी आलात तरी चालेल. फक्त दुपारी चार ते पाच येऊ नका. तेव्हा तो झोपलेला असतो.

आपली,
एक आई, मानेवाडा, नागपूर